ब्रसेल्सचा डबा

निळ्या डब्यातलं शेवटचं चॉकलेट संपलं त्याला आता पन्नास वर्षं होत आली. त्यानंतर त्या डब्याने चकल्या पाहिल्या, अनारसे पाहिले, गुळाच्या पोळ्या पाहिल्या, एकदा तर बाळंतिणीसाठी केलेले आळिवाचे लाडूही पाहिले. डबा संग्रहालयात जायचं ठरलं त्या दिवशी त्यात कडबोळी होती. ती संपदाने दोन दिवसांत खाऊन संपवली, कारण तिला डबा रिकामा हवा होता.

संपदा ही प्रभाताईंची नात. गुरुग्राममधल्या एका खासगी संग्रहालयात ती नोकरीला होती. तिथे नक्की काय काम असतं हे तिने आजीला कितीदा तरी समजावलं होतं. प्रभाताईंच्या ध्यानात राहिलं ते एवढंच, की लोकांच्या घरातल्या जुन्या वस्तू आणायच्या, पुसायच्या, काचेमागे ठेवायच्या आणि कोणालाही हात लावू द्यायचा नाही. यावर त्यांचं म्हणणं असं, की लग्नात आलेल्या टी-सेटचं आपणही आयुष्यभर हेच केलं, फक्त त्याचा पगार मिळतो हे आपल्याला कोणी सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात संग्रहालयात चॉकलेटच्या इतिहासाचं प्रदर्शन भरणार होतं. मेक्सिकोच्या जुन्या मातीच्या भांड्यांपासून सुरुवात, मग युरोपातल्या राजेराण्यांच्या चांदीच्या किटल्या, मग कारखाने, आणि शेवटच्या दालनात आपल्याकडे चॉकलेट कसं आलं त्याची गोष्ट. या शेवटच्या दालनासाठी दिल्लीतल्या एखाद्या साध्या घरातलं काहीतरी हवं होतं. संपदा महिनाभर शोधत फिरली. एका संध्याकाळी कडबोळ्यासाठी तिने स्वयंपाकघरात हात वर केला, आणि लहानपणापासून पाहिलेला तो डबा तिला पहिल्यांदाच दिसला. झाकणावर दगडी पूल, पुलाखाली पाणी, पाण्यात दोन हंस. एका हंसाची मान घासली जाऊन पांढरी पडलेली, आणि एका कोपऱ्याला पोचा.

"आजी, यार, हा तर खजिना आहे. कोणाचा आहे हा?"

"माझा," प्रभाताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण अलकाला विचारू नकोस."

आता अलकनंदाबाईंना विचारायचं नाही म्हटल्यावर संपदाने त्याच रात्री त्यांना फोन केला हे सांगायला नकोच. अलका आजी म्हणाल्या, डबा माझा आहे, आणि तुझ्या आजीकडे तो फक्त राहायला गेला आहे.

ही भानगड समजून घ्यायची तर लक्ष्मीबाई नगरात जावं लागेल. प्रभाताईंचे यजमान दीनानाथराव आणि अलकनंदाबाईंचे गुणवंतराव एकाच मंत्रालयात होते, आणि क्वार्टर्सही एकाच जिन्यावर, हे वरती आणि ते खाली. सत्तरीच्या दशकात एकदा दोघांची नावं ब्रसेल्सला जाणाऱ्या शिष्टमंडळात आली. बोलणी मोठे साहेब करणार होते, हे दोघे फायली सांभाळायला. पण कॉलनीत बातमी अशी पसरली, की ब्रसेल्सचं सगळं आता या दोघांवरच अवलंबून आहे. परत येताना दोघांनी चॉकलेटचा एकेक डबा आणला. अगदी एकसारखा. दुकानात एकाने जो उचलला तोच दुसऱ्याने उचलला. सरकारी माणसं ती, आधीचा दाखला असल्याशिवाय कुठलीच गोष्ट करण्याचं त्यांना धाडस होत नसे.

चॉकलेटं कॉलनीभर वाटली गेली, मोठ्यांना एक आणि मुलांना अर्धं. डबे उरले. त्यातला एक पुढे कुठल्याशा आवराआवरीत कबाडीवाल्याकडे गेला. कोणाचा गेला, यावर दोन्ही घरांचं ठाम मत होतं आणि ते एकमेकांच्या उलट होतं.

उरलेल्या डब्याने मग जो प्रवास सुरू केला तो थांबलाच नाही. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपल्याकडची रीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. पण या रीतीत एक गोम आहे, ती फारशी कोणी बोलून दाखवत नाही. परत आलेला डबा भरलेला असतो, आणि जो भरलेला आला तो आता आपल्याला रिकामा ठेवून घेता येत नाही. डबा आपला की तिचा हा प्रश्न दोन-चार फेऱ्यांनंतर कोण विचारतो? वरून नारळीभात उतरला की खालून ढोकळा चढे. दिवाळीत तर तो इतका वर-खाली करी, की गुणवंतराव त्याला लिफ्ट म्हणत. त्या क्वार्टर्सना लिफ्ट नव्हती, तेवढी एकच.

पुढे रिटायरमेंट आली. प्रभाताई मुलाकडे, इंद्रजितकडे, गुरुग्रामला उंच इमारतीत राहायला आल्या. अलकनंदाबाई सुधन्वाकडे नोएडाला गेल्या. मध्ये अख्खी दिल्ली पसरलेली. दीनानाथराव गेल्यावर तर प्रभाताईंचं कोणाकडे जाणंयेणंच उरलं नाही. पण डबा आला की तो परत करायला हवा, आणि कुरियरने पाठवायला तो काही चेकबुक नव्हता. मग त्या शाल पांघरून मेट्रोत बसत, राजीव चौकला गाडी बदलत, मांडीवर डबा धरून नोएडा गाठत. डबा दहा मिनिटांत रिकामा होई, पण बोलायला दुपार पुरत नसे. पुढच्या महिन्यात अलकनंदाबाई तशाच उलट दिशेने येत. दोघींनाही गुडघे होते आणि दोघींच्याही मुलांनी व्हिडिओ कॉल लावायला शिकवलं होतं. व्हिडिओ कॉलवर त्या फारसं बोलत नसत. डबा नसला की कशाला फोन केला हेच आठवत नसे.

आणि आता अलकनंदाबाई दिल्ली सोडून चालल्या होत्या. सुधन्वाची बदली नाशिकला झाली होती, होळीनंतर बिऱ्हाड हलणार होतं. संपदाला डबा दिसला त्याच आठवड्यात ही बातमी त्यांनी प्रभाताईंना नेहमीच्या सुरात सांगितली, जशी काही भाजीवाल्याने गल्ली बदलली. शेवटी म्हणाल्या, जाताना माझा डबा तेवढा घेऊन जाईन म्हणते. प्रभाताई म्हणाल्या, तुझा कुठला, तुझा कबाड्याने नेला.

वरवर थट्टाच होती. पण त्या दिवशी प्रभाताईंनी डबा वरच्या फळीवरून काढून आतल्या कपाटात ठेवला. दीनानाथरावांनी परदेशातून आणलेली ती एकच वस्तू. बाकी त्यांनी आयुष्यात जे काही आणलं ते कमला नगर किंवा आयएनए मार्केटातून. अलका जाणार हे तर आता कोणाला थांबवता येणार नव्हतं, पण तिने जाताना डबाही न्यावा, आणि मग त्या फळीवर काहीच नसावं, हे काही त्यांना सोसवणारं नव्हतं. डबा इथेच राहायला हवा होता.

संपदाच्या प्रदर्शनामुळे ही गोष्ट एकदम कागदावर आली. वस्तू ज्याची, त्याचं नाव संग्रहालयाच्या नोंदीत हवं, म्हणजे प्रदर्शन संपल्यावर ती त्याच्याच घरी परत पाठवता येते. नाव एकच. संपदाने दोन नावं घालून पाहिली तर तिच्या मॅडमनी विचारलं, की मग परत देताना डबा अर्धा अर्धा कापायचा का.

झालं, पुरावे गोळा होऊ लागले. प्रभाताई म्हणाल्या, कोपऱ्यातला पोचा बघ, इंद्रजित डबा घेऊन जिन्यावरून पडला होता तेव्हाचा आहे. अलकनंदाबाई म्हणाल्या, जिन्यावरून पडला तो आमचा सुधन्वा. चौकशीअंती निघालं ते असं, की दोन्ही पोरं पडली होती, एकाच जिन्यावरून, आणि दोघांच्याही हनुवटीला खूण होती. मग एकमेव हयात साक्षीदार म्हणून गुणवंतरावांना विचारलं. त्यांना ब्रसेल्स स्पष्ट आठवत होतं. दुकान आठवत होतं, बाहेर पडणारा पाऊस आठवत होता, दुकानातली मुलगी तर तिच्या एप्रनसकट आठवत होती. डब्याविषयी विचारल्यावर म्हणाले, "डब्याकडे कोण बघत होतं?" त्यावर अलकनंदाबाईंनी त्यांचा दुपारचा चहा तासभर लांबवला.

शेवटी संपदाने तात्पुरती वाट काढली. माहितीच्या पाटीवर तिने लिहिलं, 'खासगी संग्रह'. यावर मात्र दोघी एकदम एक झाल्या. त्यांना हे मुळीच आवडलं नाही. प्रभाताई म्हणाल्या, अख्ख्या लक्ष्मीबाई नगराने ज्यातलं खाल्लं तो डबा खासगी कसा? पण पाटी छापून आली होती, आणि नाव नंतर नोंदीत घालू असं ठरलं.

डबा द्यायच्या दिवशी प्रभाताईंनी तो घासला, पुसला, बाल्कनीतल्या उन्हात पालथा घातला. संपदा पुन्हा पुन्हा बजावत होती, की आत काही म्हणजे काही राहता कामा नये. तिने आतून-बाहेरून फोटो काढले, मऊ कागद आणला, पिशवी आणली. आणि मग ती चपला घालायला दाराशी गेली.

डबा टेबलावर, झाकण लावलेलं. प्रभाताईंच्या मनाला ते पटेना. इतकी वर्षं या घरातून, त्याआधी त्या घरातून, हा डबा एकदाही रिकामा उंबरा ओलांडून गेला नव्हता. संग्रहालय झालं तरी परकं घरच ते, त्यातून नातीची नोकरी. त्यांनी वर्तमानपत्राचा कपटा फाडला, दोन चमचे साखर त्यात बांधली, पुडी डब्यात टाकली आणि झाकण दाबून बसवलं. संपदा आली तेव्हा आजी साखरेच्या बरणीला झाकण लावत होती. चहा करतेस का, संपदाने विचारलं. प्रभाताई हो म्हणाल्या, आणि मग खोटं ठरू नये म्हणून त्यांना नको असताना चहा करावा लागला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी संपदाने दोघींना दालनं दाखवायला नेलं. कामगार शिड्या घेऊन फिरत होते, काचा अजून बसायच्या होत्या. आत पाऊल टाकताच चॉकलेटचा असा दाट वास आला, की अलकनंदाबाईंनी कुठे वाटताहेत म्हणून इकडेतिकडे पाहिलं. संपदा म्हणाली, कुठेच नाही, तो वास यंत्रातून सोडला आहे. आणि टेबलावर ती रचून ठेवलेली? ती प्लास्टरची. संग्रहालयात खाण्याचा एक कणही चालत नाही, मुंग्या होतात, झुरळं होतात, म्हणून नियमच आहे. अलकनंदाबाई म्हणाल्या, म्हणजे हळदीकुंकवाला बोलवायचं आणि वाणाचा फोटो दाखवायचा, तसं. नियमाचं ऐकून प्रभाताईंना साखरेची पुडी आठवली, आणि त्या घाईने पहिल्या दालनाकडे निघाल्या.

पहिल्या दालनात मातीची भांडी होती. तिथले लोक कोकोच्या बिया नाण्यांसारख्या वापरत, आणि त्याच बिया वाटून, तिखट घालून, फेस काढून पीत, असं संपदाने वाचून दाखवलं.

"तिखट घातलेलं चॉकलेट," अलकनंदाबाई म्हणाल्या. "प्रभा, तुझी पहिली वडी आठवते?"

"सुरी धुतली होती मी."

"हो, पण मिरच्या चिरायच्या आधी."

कॉलनीत त्या काळी दुधाच्या पावडरीत कोको घालून चॉकलेटच्या वड्या करत, गणपतीत तर घरोघरी, आणि प्रभाताईंची पहिली थाळी खाऊन मुलं पाणी पाणी करत नळाला लागली होती. प्रभाताईंनी लगेच अलकनंदाबाईंची ती वडी काढली, जी थाळीतून निघेना म्हणून शेवटी थाळीच मध्ये ठेवून सगळ्यांनी चमच्याने खाल्ली. संपदा दोघींना पुढे ढकलत होती. चांदीच्या किटल्यांशी पोचेपर्यंत प्रभाताईंचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्या बाकावर बसल्या. अलकनंदाबाई संपदाबरोबर शेवटच्या दालनात गेल्या. प्रभाताईंना बसल्या जागेवरून दिसत होतं. निळा डबा चौथऱ्यावर, वरून दिवा सोडलेला, बाजूला कोकोचे जुने डबे आणि कोणा राजघराण्यातला नाजूक पेला. अलकनंदाबाईंनी संपदाला काहीतरी म्हटलं. संपदाने त्यांच्या हातात पातळ मोजे दिले, आणि तेवढ्यात तिला कोणी हाक मारली म्हणून ती बाजूला गेली. अलकनंदाबाईंनी डबा उचलून छातीशी धरला. त्या बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या होत्या.

रडते की काय, प्रभाताईंच्या मनात आलं. आणि लगेच दुसरा विचार आला, की रडली तरी डबा मी द्यायची नाही.

प्रदर्शन उघडलं, वर्तमानपत्रात फोटो आला, इंद्रजितच्या ऑफिसातली माणसं बघून आली. आणि पहिल्याच आठवड्यात एका सकाळी संपदाचा फोन आला. तिचा आवाज खाली गेला होता. आजी, अलका आजींना घेऊन इकडे ये, मॅडमनी बोलावलं आहे, असं म्हणून तिने फोन ठेवला.

झालं होतं ते असं. एका शाळेची मुलं दालनात आली होती, आणि त्यातल्या एका मुलीने बाईंना विचारलं, की मुंग्या पण प्रदर्शनात आहेत का. राजघराण्यातल्या पेल्याच्या कडेवरून, रांगेने, अगदी शिस्तीत, मुंग्या निळ्या डब्याकडे चालल्या होत्या. बघणाऱ्यांना ती कलाकृती वाटली. दोघातिघांनी तर फोटोही काढले. मग दालन बंद करावं लागलं, काच काढावी लागली आणि पेला देणाऱ्यांना फोन करून माफी मागावी लागली.

आतल्या खोलीत पांढऱ्या कागदावर डबा ठेवला होता. मॅडम उभ्या, संपदा उभी, आणि या दोघी खुर्च्यांवर, जणू शाळेत पालकांना बोलावलं आहे. मॅडमनी हिंदीत, फार सभ्यपणे, समजावून सांगितलं की चॉकलेटच्या प्रदर्शनात खाण्याची वस्तू ठेवायला त्यांना स्वतःलाही परवानगी नाही. मग त्यांनी चिमट्याने आतल्या वस्तू काढून कागदावर मांडल्या. आधी वर्तमानपत्राची पुडी, साखर सांडलेली. आणि मग बटर पेपरमध्ये गुंडाळलेली, एका कोपऱ्याने मुंग्यांनी खाल्लेली, चॉकलेटची वडी.

प्रभाताईंना पुडी अपेक्षितच होती. वडी पाहून मात्र त्यांनी मान वळवली. अलकनंदाबाई खिडकीबाहेर गुरुग्रामच्या इमारती मोजत असाव्यात अशा बसल्या होत्या.

मॅडमना कोणाचा तरी फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. संपदा म्हणाली की आता दोघींनी काहीही सांगितलं तरी चालेल, फक्त खरं सांगा. तेव्हा अलकनंदाबाईंनी खिडकीवरची नजर काढली. चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता, उलट पत्ते पिसून झाल्यावर हुकूम हातात आलेल्या माणसाचा आनंद होता.

"प्रभा, मला एक सांग. आपल्याच डब्यात कोणी साखर घालतं का? साखर घालतात दुसरीचा डबा परत करताना."

हा मुद्दा प्रभाताईंना सुचलाच नव्हता. पुडी बांधताना हाताने जे केलं ते डोक्याला विचारून केलंच नव्हतं. इतकी वर्षं तोंडाने डबा माझा माझा म्हणत होत्या, आणि हात मात्र तो दुसरीचा समजून साखर घालत होता. कोर्टात उभं केलं असतं तरी यापेक्षा पक्का कबुलीजबाब निघाला नसता.

"त्या दिवशी दालनातच मी झाकण उघडून पाहिलं," अलकनंदाबाई पुढे म्हणाल्या, "आणि म्हटलं, चला, कबूल झाली एकदाची."

"मग वडी कशाला घातलीस?"

अलकनंदाबाई पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या.

"सांग ना. माझी साखर होतीच की आत. डबा तुझा असेल तर तो तुला साखरेसकट परत मिळाला, विषय संपला. तू पर्समधून वडी घेऊन आलीस. घरून करून. म्हणजे मी साखर घातली आहे हे कळायच्या आधीच." प्रभाताईंचा आवाज हळूहळू वर आला. "हा डबा तूही माझाच समजतेस, अलका. पहिल्यापासून."

संपदा एकदा हिच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. तिला वाटत होतं आता भांडण होणार. झालं वेगळंच. अलकनंदाबाईंना हसू फुटलं, मग प्रभाताईंना, आणि दोघी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, की मॅडम फोन कानाला तसाच धरून आत डोकावून गेल्या. गुन्हा केलेली माणसं हसताना पाहिली की कोणालाही कसंसंच होतं. संपदाने मॅडमकडे पाहून केविलवाणं हसू आणलं.

मॅडम शेवटी निवळल्या. डबा साफ करून, तपासून पुन्हा मांडायचं ठरलं, कारण मुंग्यांचे फोटो फिरल्यापासून लोक तो डबा शोधत यायला लागले होते. संपदाला समज मिळाली, ती तिने आजीकडे पोचवली. आणि नोंदवही उघडून ती म्हणाली, की आता तरी नाव सांगा, प्रदर्शन संपलं की डबा कोणाच्या घरी पाठवायचा ते मला आजच लिहायचं आहे.

प्रभाताई डब्याकडे बघत राहिल्या. रिकामा, स्वच्छ, दिव्याखाली चकचकणारा. त्यांना त्यांची फळी दिसली आणि फळीवर हा डबा दिसला, इंद्रजितच्या घरात, कायमचा. मोलकरीण रोज पुसते आहे. आत काही नाही, कारण कोणाचं काही आलेलं नाही आणि कोणाला काही द्यायचं नाही. लग्नातला टी-सेट आणि हा, यात मग फरक काय उरला? घरीच संग्रहालय थाटलं म्हणायचं.

"अलकाचं नाव लिही," त्या म्हणाल्या. "नाशिकला जाऊ दे."

अलकनंदाबाईंनी संशयाने मान वर केली. आतापर्यंत जी वस्तू हिसकावून घ्यायची तयारी होती ती अशी पुढे केली की माणूस दचकतोच. त्या म्हणाल्या, दोघींचंही कबूल झालं आहे, मग तुझ्याकडेच राहू दे. प्रभाताई म्हणाल्या नको, तू ने. अलकनंदाबाई म्हणाल्या, भावोजींची आठवण आहे ती, मी कशी नेऊ? प्रभाताई म्हणाल्या, तुझ्या भावोजींनी आणलेला तो कबाड्याने नेला असेल, कोणी सांगावं. पाच-दहा मिनिटं दोघी उलट्या बाजूने तितक्याच तावातावाने भांडल्या. मग संपदाने अलका आजींचं नाव लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

फेब्रुवारीच्या शेवटी प्रदर्शन उतरलं. डबा खरं तर सरळ नोएडाला जायचा, पण तसा तो रिकामा गेला असता. म्हणून प्रभाताईंनी संपदाकडून तो एका दिवसासाठी घरी मागवून घेतला. त्या दिवशी सकाळी त्यांनी मुलाला नारळ आणायला पिटाळलं, सुनेला खवणीवर बसवलं, आणि पाक मात्र स्वतः केला.

होळी होऊन गेल्यावर त्या मेट्रोने नोएडाला गेल्या. अलकनंदाबाईंच्या घरात खोक्यांचे डोंगर होते, बांधाबांध करणारी माणसं चिकटपट्ट्या ओढत होती, भिंतींवर फोटोंच्या जागी चौकोन उरले होते. गुणवंतराव एकमेव न बांधलेल्या खुर्चीवर बसून होते, त्यांना कोणी उचलून ट्रकमध्ये ठेवेल या भीतीने असावं. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं.

प्रभाताईंनी डबा अलकनंदाबाईंच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडलं आणि कपाळाला आठी घातली. आत ओल्या नारळाच्या वड्या होत्या, काठोकाठ, गुलाबी आणि पांढऱ्या. प्रवासाला निघालेल्या माणसाला द्यायच्या तर शंकरपाळे द्यावेत, चिवडा द्यावा, महिनाभर टिकेल असं काही. ओला नारळ मार्चच्या उन्हात किती टिकणार?

"अगं, या चार दिवसांत संपवाव्या लागतील," अलकनंदाबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं संसार केलास, आणि प्रवासाला ओला नारळ?"

"मग संपवा चार दिवसांत."

"आणि डबा?"

"डब्याचं काय ते तू बघ. तुझ्या नावावर आहे."

अलकनंदाबाईंनी मान वर करून प्रभाताईंकडे पाहिलं. प्रभाताई खोक्यावर काय लिहिलं आहे ते वाचण्यात गर्क झाल्याचं दाखवत होत्या. स्वयंपाकघर, असं लिहिलं होतं. ते वाचायला इतका वेळ लागत नाही.

गुणवंतरावांनी हात लांब करून एक वडी घेतली. ती तोंडात असतानाच दुसरीकडे हात गेला, तेव्हा अलकनंदाबाईंनी सवयीने त्यांच्या हातावर चापट मारली. म्हणाल्या, सावकाश खा, नाशिकला पोचायच्या आत संपवाल.

मग डबा रिकामा झाला की तो भरून परत करायला दिल्लीला यावं लागेल हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी डबा नवऱ्यापुढे सरकवला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "अजून घ्या."